ब्रिगादेइरो

ब्रिगादेइरो : कंडेन्स्ड मिल्क, कोको आणि लोणी एकत्र आटवून, त्याच्या सुपारीहून जराशा मोठ्या गोळ्या वळून, चॉकलेट वर्मिसेलीत (केकवर भुरभुरतात त्या बारीक काड्यांत) घोळवून केलेली ब्राझीलमधील मिठाई. तिला ओव्हन लागत नाही, पाक लागत नाही, अंडी लागत नाहीत. एक डबा, एक जाड बुडाचे पातेले आणि दहा-बारा मिनिटे न कंटाळता ढवळणारा हात एवढ्यावर काम होते. ब्राझीलमध्ये मुलांचा वाढदिवस हिच्याशिवाय साजरा होत नाही. कागदाच्या चिमुकल्या वाट्यांत ठेवलेले ब्रिगादेइरो केकभोवती मांडतात. गाणे म्हणून होईपर्यंत त्यांना हात लावायचा नाही असा दंडक असतो आणि तो मोडायचा हीही रीतच आहे.

नाव लष्करी आहे. ब्रिगादेइरो म्हणजे ब्रिगेडियर, आणि हा ब्रिगेडियर म्हणजे ब्राझीलच्या हवाई दलातील एदुआर्दो गोम्स (१८९६–१९८१). १९२२ साली रिओ दी जानेरोतील कोपाकबाना किल्ल्यावर तरुण अधिकाऱ्यांनी सरकारविरुद्ध बंड केले, त्यातून जखमी होऊन वाचलेल्या मोजक्या लोकांपैकी ते एक. जेतुलिओ व्हार्गास यांची हुकूमशाही राजवट १९४५ च्या ऑक्टोबरमध्ये संपली आणि २ डिसेंबरला अध्यक्षपदाची निवडणूक झाली. तीत गोम्स उमेदवार होते. ब्राझीलमध्ये स्त्रियांना १९३२ साली मताधिकार मिळाला होता, पण अध्यक्ष निवडण्यासाठी त्यांनी थेट मत देण्याची ही पहिलीच वेळ. उमेदवार देखणा आणि अविवाहित. प्रचाराची घोषणाही तशीच होती, ‘ब्रिगेडियरला मत द्या, देखणा आहे आणि सडाफटिंगही’. पोर्तुगीजमध्ये तिला छान यमक आहे. त्यांच्या समर्थक बायकांनी हा गोड पदार्थ करून प्रचारसभांत वाटला किंवा निधीसाठी विकला आणि ‘ब्रिगेडियरची मिठाई’ हे नाव पडले, असे सर्वत्र सांगतात. पहिल्यांदा नेमका कोणी केला, यावर मात्र एकमत नाही. पाककृतींच्या जन्मकथा बहुधा मागाहूनच नीटनेटक्या होतात. १९२२ च्या जखमेचा आणि मिठाईत अंडी नसण्याचा संबंध जोडणारी एक चावट दंतकथाही ब्राझीलमध्ये चवीने सांगितली जाते. गोम्स ती निवडणूक हरले, १९५० ची दुसरीही हरले. १९४५ ची निवडणूक जिंकलेल्या युरिको दुत्रांच्या नावाची मिठाई नाही. दक्षिणेकडच्या रिओ ग्रांदे दो सुल राज्यात मात्र ब्रिगेडियरचे नाव चालत नाही. तिथे याला ‘नेग्रिन्यो’, म्हणजे काळूराम म्हणतात.

पोर्तुगीज वळणाची जुनी मिठाई म्हणजे साखरेचा पाक आणि अंड्यांचे बलक. निगुतीचे आणि वेळखाऊ काम. ब्रिगादेइरोने ही परंपरा बाजूला सारली ती डब्याच्या जोरावर. दूध निर्वातात आटवण्याच्या पद्धतीचे पेटंट अमेरिकेत गेल बॉर्डन याने १८५६ साली मिळवले. ब्राझीलमध्ये नेस्लेने साओ पावलो राज्यातील अरारास येथे १९२१ साली कारखाना काढून कंडेन्स्ड मिल्क तिथेच बनवायला सुरुवात केली. आयात डब्यावर ‘मिल्कमेड’ हे इंग्रजी नाव आणि डोक्यावर दुधाची घागर घेतलेली मुलगी होती. गिऱ्हाइकांना नाव उच्चारता येईना, म्हणून ती दुकानात ‘त्या मुलीचे दूध’ मागू लागली. पुढे ‘लेइते मोसा’ (मोसा म्हणजे मुलगी) हेच छापील नाव झाले. ‘मिल्कमेड’ हे नाव आपल्याकडच्या डब्यावर इंग्रजीतच राहिले. म्हणजे ही मिठाई जितकी आजीच्या हातची, तितकीच कारखान्याची. आणि ब्राझीलमधल्या कोणालाही त्यात काही विसंगत वाटत नाही.

कृती. साधारण ४०० ग्रॅमचा एक डबा कंडेन्स्ड मिल्क, एक मोठा चमचा लोणी, तीन मोठे चमचे बिनसाखरेची कोको पावडर. बाजारातले पिवळे खारट बटर चालते, उलट त्यातले मीठ गोडाला आवरच घालते. पांढरे लोणी घेतल्यास चिमूटभर मीठ घालावे. दुधात घालून प्यायच्या चॉकलेट पावडरीत मुळात साखरच जास्त असते आणि कंडेन्स्ड मिल्कमध्ये वजनाच्या चाळीस टक्क्यांहून अधिक साखर आधीच आहे, तेव्हा ती वापरल्यास पदार्थ तोंडात नुसता गोडमिट्ट लागतो. कोको चाळून, गॅस पेटवण्याआधीच कंडेन्स्ड मिल्कमध्ये कालवून घ्यावा. गरम मिश्रणावर भुरभुरला तर गुठळ्या होतात आणि मग त्या कितीही घोटल्या तरी मोडत नाहीत. त्यानंतर लोणी घालून पातेले मंद आचेवर ठेवावे आणि बुडाशी व कडेला लागू न देता ढवळत राहावे.

खरी कसोटी इथे आहे. पहिली पाचेक मिनिटे काहीच घडत नाही असे वाटते, मग बुडबुडे जड होतात आणि मिश्रण चमकू लागते. पेढ्याचा खवा किंवा बर्फी ज्याने कधी आटवली आहे, त्याला पुढची खूण सांगायला नको: मिश्रण कडा सोडू लागते. उलथन्याने मधोमध रेघ ओढली की पातेल्याचा तळ दिसावा आणि रेघ सावकाश भरून यावी. पातेले कलते केले की सगळा गोळा एकसंध घसरावा. तिथेच गॅस बंद. या दहा मिनिटांत दोन गोष्टी घडतात. पाणी उडून साखरेचे प्रमाण वाढते, म्हणून गोळी वळता येते. आणि दुधातली प्रथिने व शर्करा तापून एकमेकांशी संयोग पावतात, त्यातून बासुंदीला येतो तसा खमंगपणा येतो. घाई करून मोठ्या आचेवर केले, तर पहिली गोष्ट होते आणि दुसरी हुकते.

पेढ्याशी साम्य इथे संपते. पेढा रवाळ हवा. ब्रिगादेइरो रवाळ झाला तर बिघडला समजावे. तो दाताखाली किंचित ताणला जाणारा, मऊ, गुळगुळीतच हवा. जास्त आटला की साखरेचे स्फटिक धरतात आणि दुसऱ्या दिवशी गोळी खडबडीत लागते. कडक झालेले मिश्रण चमचाभर दूध घालून मंद आचेवर पुन्हा सैल करता येते, सैल राहिलेले पुन्हा आटवता येते. एरवी नवशिक्याला फारसे अभय न देणाऱ्या गोड पदार्थांत हा बराच दयाळू म्हणायचा. मिश्रण लोण्याचा हात फिरवलेल्या ताटलीत काढून पूर्ण गार होऊ द्यावे, आणि मग हातालाही लोणी लावून गोळ्या वळाव्यात. एका डब्याच्या पंचवीस-तीस होतात. वर्मिसेलीत लगेच घोळवाव्यात. गोळी सुकली की काड्या चिकटत नाहीत. कोकणातल्या किंवा मुंबईच्या पावसाळी हवेत त्या पाझरून चिकट होतात, तेव्हा झाकणाच्या डब्यात ठेवाव्यात.

याच कुटुंबात कोको वगळून ओल्या किंवा सुक्या खोबऱ्याचा ‘बेइजिन्यो’ (छोटासा मुका) येतो, त्यावर एक लवंग टोचतात. शेंगदाण्याच्या कुटाचा ‘काजुझिन्यो’ काजूबोंडाच्या आकाराचा करतात आणि टोकाला शेंगदाणा लावतात. त्याच्या नावातला ‘काजू’ आपलाच. ब्राझीलच्या तुपी भाषेतला हा शब्द पोर्तुगीजांबरोबर झाडासकट आपल्या किनाऱ्यावर आला. स्ट्रॉबेरीच्या गुलाबी प्रकाराला ‘बिशो दे पे’ म्हणतात, म्हणजे पायात शिरणारी पिसू. हे नाव ऐकूनही मुले तो आवडीने खातात. या सगळ्यांना मिळून ‘दोसिन्यो’ म्हणतात. गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत नाताळला हरभऱ्याची डाळ, नारळ आणि साखर घोटून वड्या पाडतात, त्या ‘दोस’चे नाव याच ‘दोसे’ (गोड) शब्दावरून आले आहे.

अलीकडे साओ पावलोसारख्या शहरांत पिस्ते, उंची चॉकलेट, मद्य घातलेले महागडे ब्रिगादेइरो विकणारी खास दुकाने निघाली आहेत. गाजराच्या केकवर ओततात ते पातळ ब्रिगादेइरोच, कडा सुटण्याआधी उतरवलेले. त्याच टप्प्यावर थांबून वाटीत काढले की ‘चमच्याचे ब्रिगादेइरो’. आणि रात्री उशिरा, चित्रपट बघताना किंवा मन उदास असताना, वाटीचीही वाट न पाहता जे खातात ते ‘पातेल्यातले ब्रिगादेइरो’. त्यासाठी चमचे माणशी एक लागतात आणि पातेले मधोमध.