ऋतू, माती आणि बालवाडी: एका पद्धतीची पार्श्वभूमी

महाराष्ट्रातील अंगणवाड्यांत आणि शिशुवर्गांत ऋतूंना धरून खेळ व हस्तकाम घेण्याची पद्धत आता इतकी रुळली आहे की तिच्याकडे कोणी वेगळेपणाने पाहत नाही. आषाढात कागदी होड्या, श्रावणात पानांचे ठसे, बेंदराला किंवा पोळ्याला मातीचे बैल, दिवाळीच्या तोंडावर किल्ला, संक्रांतीला पतंग असा हा वर्षाचा क्रम असतो आणि वरवर पाहता तो सणावारांच्या हौसेतून आलेला वाटतो. हौसेचा भाग त्यात आहेच. परंतु लहान मुलांचे शिक्षण ऋतूंशी आणि परिसराशी जोडण्याचा विचार आपल्याकडे पक्का झाला तो दोन अगदी व्यावहारिक अडचणींतून. खेड्यात शिक्षणसाहित्य विकत घेण्याइतका पैसा नव्हता आणि शेतीच्या हंगामात मुले शाळेकडे फिरकत नव्हती. पालघर जिल्ह्याच्या डहाणू तालुक्यातील बोर्डी आणि कोसबाड येथे या अडचणींना जे उत्तर शोधले गेले, त्याची ही पूर्वपीठिका आहे.

मूळ प्रेरणा युरोपातली होती, हे मान्य करायला हवे. जर्मनीतील ब्लांकेनबुर्ग येथे 1837 मध्ये फ्रेडरिक फ्रोबेल यांनी लहान मुलांसाठी जी संस्था काढली, तिच्या कल्पनेत खेळाइतकेच बागेलाही स्थान होते आणि प्रत्येक मुलाने आपला छोटा वाफा सांभाळावा अशी अपेक्षा होती. पुढे 1907 मध्ये रोममधील सान लोरेंझो या गरीब वस्तीत मारिया मॉन्टेसरी यांनी बालगृह सुरू केले आणि हाताने हाताळण्याच्या साधनांची एक शिस्तबद्ध मांडणी जगापुढे ठेवली. एक सेंटिमीटरपासून दहा सेंटिमीटरपर्यंत वाढत जाणाऱ्या दहा गुलाबी ठोकळ्यांचा मनोरा हे त्यातले सर्वांत ओळखीचे साधन. ही साधने मोजमापाला काटेकोर, चांगल्या लाकडाची आणि म्हणूनच महाग होती.

भारतात हा विचार खऱ्या अर्थाने रुजवला तो भावनगरच्या गिजुभाई बधेका यांनी. वकिली सोडून ते तेथील दक्षिणामूर्ती या शिक्षणसंस्थेत आले आणि 1920 मध्ये त्यांनी तेथे बालमंदिर सुरू केले. राजकोटच्या बार्टन अध्यापिका महाविद्यालयाच्या प्राचार्यपदाचा राजीनामा देऊन ताराबाई मोडक याच बालमंदिरात दाखल झाल्या, आणि 1926 मध्ये नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना झाली. भावनगरमध्ये मॉन्टेसरी पद्धत जशीच्या तशी उचलली गेली नाही, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. मॉन्टेसरी यांना लहान वयातील परीकथा व कल्पनारंजन यांविषयी बराच संशय होता. गिजुभाईंनी मात्र लोककथा, लोकगीते आणि नाटुकली यांना बालमंदिराच्या दिनक्रमात मानाचे स्थान दिले. आपल्या लोकगीतांचा आणि खेळांचा मोठा भाग मुळातच ऋतूंवर बेतलेला असल्यामुळे, गोष्ट आणि गाणे वर्गात आले तेव्हा त्यांच्या मागोमाग पाऊस, पेरणी, सुगी आणि सणही वर्गात आले. आश्विनातला भोंडला किंवा उन्हाळ्याच्या सुट्टीतले सागरगोटे मुलींना कोणत्याही शाळेने शिकवले नव्हते. शाळेने फक्त त्यांच्याकडे शिक्षण म्हणून पाहायचे ठरवले.

ताराबाईंनी मुंबईत परतल्यावर 1936 मध्ये दादरला शिशुविहार सुरू केले. शहरी मध्यमवर्गात बालशिक्षणाचा पाया त्यामुळे घातला गेला, परंतु साधनांचा खर्च आणि शुल्क पाहता ही पद्धत गरिबांपर्यंत कशी पोहोचणार, हा प्रश्न त्यांना सतावत राहिला. मॉन्टेसरी स्वतः 1939 मध्ये भारतात आल्या. महायुद्धाच्या काळात कोडाईकॅनॉलच्या मुक्कामी त्यांच्या कामात वनस्पती, प्राणी आणि निसर्गातील परस्परसंबंध यांवर मोठा भर आला. त्याच सुमारास, 1945 मध्ये, सेवाग्राममध्ये नयी तालीमचा, म्हणजे गांधीजींच्या हस्तोद्योगाधारित शिक्षणपद्धतीचा, विस्तार शाळापूर्व वयापर्यंत करण्याचा विचार मांडला गेला. ग्रामीण बालशिक्षणासाठी वातावरण तयार होत होते, पण खेड्यात प्रत्यक्ष जाऊन राहणारी माणसे थोडी होती.

ती 1945 च्या अखेरीस बोर्डीला मिळाली. ताराबाईंनी समुद्रकाठच्या या गावी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि पुण्यातील शाळेची नोकरी सोडून आलेल्या अनुताई वाघ त्यांच्यासोबत उभ्या राहिल्या. याच वर्षी उंबरगाव व डहाणू भागांत वेठबिगारीविरुद्ध वारली आदिवासींचा लढा पेटला होता. बोर्डीचे काम त्या लढ्याचा भाग नव्हते, तरी ज्या समाजाच्या दारात या दोघी गेल्या त्याची परिस्थिती किती बिकट होती, हे त्यावरून समजते. बालवाडीची खोली तयार होती, पण दलित वस्तीतली आणि आदिवासी पाड्यांवरची मुले तेथे येईनात. तेव्हा शिक्षिकांनी साहित्याची पिशवी घेऊन वस्तीवर जायचे ठरवले. आधी अंगण झाडायचे, मुलांना आंघोळ घालायची, नखे कापायची, केस विंचरायचे, आणि मग त्याच अंगणात किंवा जवळच्या झाडाखाली गाणी, गोष्टी व खेळ सुरू करायचे, असा क्रम होता. मध्यवर्ती बालवाडीच्या जोडीने अशा रीतीने अंगणातली बालवाडी उभी राहिली.

अंगणात गेल्यावर साधनांचा प्रश्न आपोआप वेगळ्या रीतीने सुटला. लाकडी ठोकळ्यांच्या जागी समुद्रावरचे शंख-शिंपले, नदीतले गोटे, बिया, पाने, फुले आणि माती आली. यात मॉन्टेसरी विचाराचा गाभा कोठेही सोडलेला नव्हता. लहानापासून मोठ्यापर्यंत क्रम लावणे, सारखे ते एकत्र ठेवणे, खरखरीत आणि गुळगुळीत यांतला फरक बोटांनी ओळखणे हे सारे शिंपल्यांनीही होते. चिंचोक्यांचेच पाहा: उन्हाळ्यात चिंच फोडून झाली की ते घरोघरी ढिगाने पडलेले असतात, मूल ते दहा-दहाच्या राशीत मांडते, त्यांची नक्षी करते, फरशीवर घासून एक बाजू पांढरी करते आणि त्यांचाच फासा करून खेळते. मोजणी, आकृती आणि नियमांचा खेळ या तिन्ही गोष्टी एका फुकटच्या वस्तूत सामावतात. मात्र अशा वस्तूंची एक अट असते, ती म्हणजे त्या वर्षभर मिळत नाहीत. पावसात ओली माती हाताशी असते आणि कोरड्या बिया नसतात, भातकापणीनंतर पेंढा मिळतो, पानगळीत वाळलेल्या पानांचा सडा पडतो. साधने परिसरातून घ्यायची ठरल्यावर बालवाडीचे वेळापत्रक ऋतूंनी ठरवणे अटळ होते. बालवाडीत ऋतू आले ते या वाटेने, सजावटीचा विषय म्हणून नव्हे.

पुढे 1950 च्या दशकाच्या उत्तरार्धात केंद्र बोर्डीहून जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेले आणि दुसरी अडचण अधिक स्पष्टपणे समोर आली. वारली कुटुंबाचे वर्ष राब भाजण्यापासून, म्हणजे भाताच्या रोपांसाठी पालापाचोळा जाळून जमीन भाजण्यापासून, सुरू होते. मग पेरणी, आवणी (रोपांची लावणी), बेणणी (तण काढणे), कापणी आणि खळ्यावरची झोडणी. आवणीच्या दिवसांत घरातली सर्व मोठी माणसे चिखलात उभी असतात, तेव्हा सात-आठ वर्षांच्या मुलीच्या कडेवर धाकटे भावंड असते आणि मुलगा गुरांमागे असतो. शाळेची घंटा कितीही वाजवली तरी ही मुले येणार नाहीत, हे ओळखून अनुताईंनी शाळेचीच रचना बदलली. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणणारी विकासवाडी त्यातून साकारली, त्यामुळे तान्हे भावंड पाळणाघरात ठेवून मोठ्या बहिणीला वर्गात बसता येऊ लागले. गुराख्यांसाठी शिक्षक कुरणात जाऊ लागले आणि त्या कुरणशाळेत गवत, दगड, झाडे हेच पाठ्यसाहित्य झाले. मूल गैरहजर राहते तेव्हा दोष मुलाचा वा आईबापांचा नसून शाळेने कामाचे हंगाम लक्षात घेतलेले नसतात, ही या साऱ्यामागची भूमिका होती. मला या संपूर्ण इतिहासातली हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते.

कामाची दखल शासनाने घेतली. ताराबाईंना 1962 मध्ये पद्मभूषण आणि पुढे अनुताईंना पद्मश्री मिळाली. 2 ऑक्टोबर 1975 रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी देशभर पोहोचली. पूरक आहार, शाळापूर्व शिक्षण आणि लसीकरण व आरोग्यतपासणीला मदत ही कामे एका सेविकेकडे आली. कुपोषणाचा प्रश्न तातडीचा असल्याने आहार व नोंदी पुढे गेल्या आणि खेळाचा तास मागे पडला. शहरांत दुसरेच घडले. इंग्रजी माध्यमाच्या शिशुवर्गांत लेखन-वाचन तीन वर्षांपासून सुरू झाले आणि ऋतू वर्षातून एकेका दिवसापुरते उरले: छत्री रंगवण्याचा छापील कागद, पिवळ्या कपड्यांचा दिवस, बाजारातून आणलेला तयार किल्ला. पाऊस खिडकीबाहेर पडत असतो आणि मुले आत छापील थेंबांत निळा रंग भरत असतात, हे पाहून वाईट वाटते.

अलीकडच्या धोरणांनी दिशा पुन्हा बदलली आहे. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षांचा पायाभूत टप्पा मानला, 2022 च्या पायाभूत स्तरावरील राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने खेळाला अध्यापनाचा मध्यबिंदू केले आणि 2024 मध्ये अंगणवाड्यांसाठी ‘आधारशिला’ हा राष्ट्रीय अभ्यासक्रम आला. स्थानिक साहित्य, मातृभाषा, लोकगीते, परिसरातील फेरफटका हे शब्द आता सरकारी कागदांवर ठळकपणे आहेत. मात्र हंगामी स्थलांतराचा प्रश्न जुनाच आहे. पालघरच्या पाड्यांवरून दिवाळीनंतर कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात, मराठवाड्यातून ऊसतोडीला जातात, आणि मुले त्यांच्याबरोबर असतात. त्यांच्यासाठी वीटभट्ट्यांवर भोंगाशाळा आणि साखर कारखान्यांजवळ साखरशाळा चालवल्या गेल्या, त्यांचा विचार कुरणशाळेच्याच जवळचा होता. परंतु त्यांचे लक्ष प्रामुख्याने शाळेच्या वयाच्या मुलांकडे राहिले. तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी पाड्यावरची अंगणवाडी आणि भट्टीवरचा मुक्काम यांना जोडणारी व्यवस्था उभी करणे हे काम अजून शिल्लक आहे, आणि ते अभ्यासक्रमाच्या पुस्तिकेतून नव्हे तर सेविकांची संख्या, त्यांचे मानधन आणि त्यांच्यावरील नोंदींचा भार यांच्या निर्णयांतून होणार आहे.