नायट्रोजन भरला तरी टायर तापतोच

"टायरमध्ये नायट्रोजन भरा, ट्रॅकवर कितीही पळवा, प्रेशर वाढणार नाही." छोटी गाडी ट्रॅक डेसाठी, म्हणजे रेसिंग ट्रॅकवर आपलीच गाडी पळवण्याच्या दिवसासाठी, तयार करताना हा सल्ला हमखास मिळतो. विमानांच्या टायरमध्ये नायट्रोजन असतो, त्यामुळे तो पटतोही.

पण साध्या हवेतच सुमारे ७८ टक्के नायट्रोजन असतो. आणि बंद जागेतला वायू तापला की दाब वाढतो, मग तो कुठलाही असो. ३० पीएसआयच्या टायरमध्ये दर १० अंशांमागे साधारण दीड पीएसआय. फरक पडतो तो ओलाव्याने: टायरमध्ये पाणी गेलं तर त्याची वाफ होऊन दाब आणखी चढतो. नायट्रोजन कोरडा असतो, एवढंच. विमानात तो आग आणि ओलाव्याच्या धोक्यामुळे वापरतात.

स्वतः बघायचंय? साताऱ्यात सकाळी, गाडी थंड असताना, मागच्या एका चाकात नायट्रोजन, दुसऱ्यात हवा, दोन्हींत सारखं प्रेशर. यवतेश्वरचा घाट चढून-उतरून परत या, लगेच प्रेशर मोजायचं गेज लावा. एक बाजू उन्हात तापते, म्हणून दुसऱ्या दिवशी अदलाबदल करून पुन्हा. दोन्ही आकडे चढलेले दिसतील, जवळपास सारखेच.

ट्रॅकवर मी तरी चांगल्या गेजवरच पैसे घालेन. दोन-तीन फेऱ्या मारून आलं की गरम टायर मोजायचा, जास्तीची हवा सोडायची. घरी निघताना, टायर गार झाल्यावर, पुन्हा भरायला मात्र विसरू नका.