परदेशात सापडलेली जुनी दुनळी बंदूक : मूळ मालकाचा माग काढण्यासाठी अर्ज कुठे आणि कसा करायचा

ब्रिटनमध्ये बनलेली छऱ्याची दुनळी बंदूक आज इंग्लंड, अमेरिका किंवा कॅनडात हाती आली आणि तिच्यावर भारताशी, विशेषतः एखाद्या मराठी संस्थानाशी नाते सांगणारी खूण दिसली, तर तिचा पहिला मालक कोण हे पुष्कळदा शोधता येते. त्या मालकापासून आजच्या मालकापर्यंतची साखळी जोडणे हे त्याहून अवघड काम. या दोन्हींसाठी एकच सरकारी खिडकी कुठेही नाही. अर्ज वेगवेगळ्या ठिकाणी करावे लागतात आणि त्यांचा क्रम चुकला तर पैसे जातात, उत्तर मिळत नाही.

आधी ताबा कायदेशीर आहे का ते पाहा

ब्रिटनमध्ये १९६८ च्या फायरआर्म्स ॲक्टच्या कलम ५८ प्रमाणे पुराणवस्तू म्हणून, केवळ संग्रहासाठी किंवा शोभेसाठी ठेवलेल्या शस्त्राला परवान्यातून सूट आहे. ही सूट नुसत्या वयावर मिळत नाही. २०२१ च्या नियमांनुसार शस्त्र १ सप्टेंबर १९३९ पूर्वीचे हवे आणि त्याची काडतुसाची किंवा बार पेटवण्याची पद्धत कालबाह्य ठरलेली हवी. ठासणीची बंदूक किंवा पिनफायर (काडतुसाच्या बाजूने पिन बाहेर आलेली असते अशी) बंदूक यात बसते. पण १८८० सालची, मध्यभागी टोपी असलेले साधे १२ बोअरचे (बोअर म्हणजे नळीच्या आतल्या व्यासाचे माप) काडतूस घेणारी बंदूक कितीही जुनी असली तरी तिला शॉटगन सर्टिफिकेट लागते. सर्टिफिकेट नसेल तर पोलिसांच्या शस्त्र परवाना विभागाला लगेच कळवा आणि बंदूक नोंदणीकृत विक्रेत्याकडे ठेवा. माहिती शोधण्याचे काम फोटोंवरही होते, बंदूक घरात असण्याची गरज नाही.

अमेरिकेत केंद्रीय कायद्याने १८९८ किंवा त्यापूर्वी बनलेली बंदूक ‘अँटिक’ ठरते. राज्यांचे नियम वेगळे असू शकतात, ते स्वतंत्रपणे तपासा. तिथे अनेकांची एक गैरसमजूत असते, की सरकारकडे अनुक्रमांक दिला की मालकांची यादी मिळेल. वेस्ट व्हर्जिनियातील मार्टिन्सबर्गचे नॅशनल ट्रेसिंग सेंटर फक्त पोलिस यंत्रणांच्या विनंतीवर काम करते, नागरिकांचे अर्ज घेत नाही. बंदूकमालकांची राष्ट्रीय नोंदवही ठेवायला १९८६ च्या कायद्यानेच मनाई केली आहे. ब्रिटिश पोलिसांच्या परवाना फायलीही जनतेला खुल्या नाहीत. त्यामुळे खरा मार्ग कारखान्याच्या वह्या आणि अभिलेखागारे यांतूनच जातो.

बंदुकीवरून काय काय टिपायचे

नळ्या रिकाम्या आहेत याची जाणकाराकडून खात्री करून घ्या. मग पुढचा लाकडी भाग काढून नळ्या सोडवा. स्क्रू सैल करू नका. जुन्या स्क्रूंच्या खाचा एकदा बिघडल्या की किंमत आणि पुरावा दोन्हींना धक्का बसतो. अनुक्रमांक साधारणपणे चापाच्या कड्याच्या शेपटीवर, ॲक्शनच्या (नळ्या जिच्यात बसतात त्या यंत्रणेच्या) सपाट भागावर, नळ्यांच्या खालच्या बाजूस आणि पुढच्या लाकडातल्या लोखंडी पट्टीवर असतो. हे सगळे आकडे एकच आहेत का पाहा. नळ्यांवरचा आकडा वेगळा निघाला तर नळ्या बदलल्या असण्याची किंवा दोन बंदुका एकत्र झाल्याची शक्यता मोठी. वरच्या खटक्यावर किंवा नळ्यांवर १ किंवा २ हा सोनेरी आकडा असेल तर ती जोडीतली एक आहे, आणि वहीत जोडीची नोंद सापडू शकते.

नळ्या बाराचा दाब सहन करतात का, याच्या चाचणीचे नळ्यांखाली उमटवलेले शिक्के काळ ठरवायला फार उपयोगी. लंडनच्या चाचणीगृहाचा शिक्का मुकुटाखाली गुंफलेली जीपी अक्षरे असा असतो. बर्मिंगहॅमचे चाचणीगृह १८१३ चे; १९०४ पूर्वी तिथे मुकुट आणि तिरप्या राजदंडांचा शिक्का होता, १९०४ पासून मुकुटाखाली बीपी आणि बीव्ही आले. ‘नॉट फॉर बॉल’ (गोळीसाठी नाही) हे शब्द १८७५ ते १८८७ दरम्यानच्या चोक, म्हणजे तोंडाशी अरुंद केलेल्या, नळ्यांवर दिसतात, त्यानंतर ‘चोक’ एवढाच शब्द. काडतुसाच्या कक्षाची लांबी इंचांत दिली असेल तर तो शिक्का १९२५ च्या नियमांनंतरचा, आणि बोअर .७२९ असा दशांशात असेल तर १९५४ च्या नियमांनंतरचा. इथेच मोठी चूक होते: जुन्या बंदुकीची पुढे पुन्हा चाचणी होई, म्हणून नवा शिक्का हे निर्मितीचे वर्ष नव्हे. काळ ठरवायचा तो सर्वांत जुन्या शिक्क्यावरून.

नळ्यांमधल्या पट्टीवरचा पत्ताही वर्षांची चौकट देतो. लंडनच्या पर्डी कंपनीच्या बंदुकीवर ‘३१४ १/२ ऑक्सफर्ड स्ट्रीट’ असेल तर ती १८८० च्या दशकाच्या सुरुवातीपूर्वीची. त्यानंतर कंपनी साउथ ऑडली स्ट्रीटवर गेली. ‘हॉलंड अँड हॉलंड’ हे जोडनाव १८७६ पासूनचे. ‘वेब्ली अँड स्कॉट’ हे एकत्र नाव १८९७ च्या विलीनीकरणाआधी असूच शकत नाही. दस्त्याच्या पोटावरची अंडाकृती धातूची पट्टी, तिच्यावरची आद्याक्षरे किंवा राजचिन्ह, पेटीच्या झाकणातले लेबल, सगळ्याचे फोटो तिरप्या उजेडात काढा. पुसट आकड्यावर पातळ कागद ठेवून मऊ पेन्सिल फिरवली तर तो उठून दिसतो. पॉलिश किंवा तारेचा काथ्या लावू नका.

नावाच्या बाबतीत दोन सापळे आहेत. पहिला बनावट नावांचा: बेल्जियममधून स्वस्त बंदुका इंग्रजी वळणाच्या नावांनी निघत. ‘डब्ल्यू. रिचर्ड्स’ दिसले की वेस्टली रिचर्ड्स ही इंग्रजी कंपनी समजू नका; नळ्यांवर अंडाकृती चौकटीत ईएलजी अक्षरे असतील तर ती बेल्जियममधल्या लिएजची बंदूक आहे. दुसरा सापळा भारतीय व्यापारातला. कलकत्त्याच्या मँटन, रॉडा, लायन अँड लायन या दुकानांची नावे पट्टीवर असली तरी बंदूक बर्मिंगहॅमच्या एखाद्या कारखान्यात बनलेली असू शकते. अशा बंदुकीवर दुकानाचा आकडा वेगळा आणि कारखान्याचा वेगळा असू शकतो. आर्मी अँड नेव्ही को-ऑपरेटिव्ह सोसायटीचेही तसेच. मुंबईत काळा घोड्याजवळची आर्मी अँड नेव्ही बिल्डिंग याच संस्थेची. तिच्या कागदपत्रांचा संग्रह ग्लासगो विद्यापीठाच्या अभिलेखागारात आहे, तेव्हा अर्ज बंदूक बनवणाऱ्याकडे न करता तिथे करायचा.

कारखान्याकडे अर्ज

पर्डी, हॉलंड अँड हॉलंड, वेस्टली रिचर्ड्स, रिग्बी या कंपन्या आजही चालू आहेत आणि शुल्क घेऊन जुन्या वह्यांतली नोंद शोधून देतात. अमेरिकी बंदूक असेल तर विंचेस्टर, मार्लिन आणि एल. सी. स्मिथसाठी वायोमिंगमधल्या कोडी फायरआर्म्स म्युझियमकडे, पार्करसाठी पार्कर गन कलेक्टर्स असोसिएशनकडे विचारावे. अर्ज बंदुकीच्या मालकाने करावा. दुसऱ्याच्या वतीने करत असाल तर मालकाचे सही केलेले अधिकारपत्र जोडा. सोबत हे द्या:

– सगळ्या ठिकाणचे अनुक्रमांक, जसेच्या तसे, अक्षरांसह
– पट्टी, शिक्के, राजचिन्ह, लेबल आणि दोन्ही बाजूंचे फोटो
– बोअर, वजन आणि नळीची लांबी इंचांत (मागच्या टोकापासून तोंडापर्यंत)
– खरेदीची पावती, वारसाचा कागद किंवा शॉटगन सर्टिफिकेटची प्रत
– ओळखपत्र आणि नेमके काय हवे आहे ते दोन ओळींत

उत्तरात सहसा बंदूक पुरी झाल्याची किंवा दिल्याची तारीख, बोअर, नळीची लांबी आणि पहिल्या ग्राहकाचे नाव येते. वहीत ३० इंची नळी लिहिली असेल आणि तुमची २८ भरली, तर नळी मागाहून कापली आहे किंवा बदलली आहे. हे पत्र अमेरिकेत दुहेरी उपयोगाचे: १८९८ ची मर्यादा सिद्ध करायलाही ते दाखवता येते. काही कारखान्यांच्या वह्या नष्ट झाल्या आहेत. तसे लेखी उत्तर आले तर तेही फायलीत ठेवा.

नाव मिळाल्यावर

वहीत ‘महाराजा ऑफ कोल्हापूर’ एवढेच असेल तर ती नोंद माणसाची नाही, गादीची आहे. तारखेवरून व्यक्ती ठरवा. १८९४ ते १९२२ असेल तर शाहू महाराज, त्यानंतर १९४० पर्यंत राजाराम महाराज. ‘गायकवाड’ १८७५ ते १९३९ या काळात असतील तर सयाजीराव तिसरे. इंदूरमध्ये १९०३ ते १९२६ तुकोजीराव तिसरे, ग्वाल्हेरला १८८६ ते १९२५ माधवराव शिंदे. इंग्रजी वह्यांत शिंदे, गायकवाड, होळकर यांची स्पेलिंगे तऱ्हेतऱ्हेने लिहिलेली आढळतात, म्हणून शोधाची विनंती करताना चार-पाच रूपे देऊन ठेवा.

संस्थानाच्या बाजूचा पुरावा भारतात आहे. महाराष्ट्र शासनाच्या पुराभिलेख संचालनालयाचे कोल्हापूर कार्यालय शाहू दफ्तर सांभाळते. ओळखपत्र, संशोधनाचा विषय आणि कालखंड लिहून तिथे अर्ज करावा. परदेशी नागरिकाने सोबत संस्थेचे शिफारसपत्र न्यावे. बरेच कागद मोडीत असल्याने मोडी वाचकाची सोय आधीच करा. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचे ‘अभिलेख पटल’ हे संकेतस्थळ घरबसल्या शोधता येते.

पहिला ग्राहक ब्रिटिश अधिकारी असेल तर आर्मी लिस्ट (सैन्याधिकाऱ्यांची छापील यादी) आणि लंडन गॅझेट या सरकारी राजपत्रातून त्याची नेमणूक, मग मृत्युपत्र. इंग्लंड-वेल्समधील १८५८ पासूनच्या मृत्युपत्रांची सूची सरकारी संकेतस्थळावर आहे. हिंदुस्थानात वारलेल्यांची मृत्युपत्रे ब्रिटिश लायब्ररीच्या इंडिया ऑफिस रेकॉर्ड्समध्ये पाहावीत. मृत्युपत्रात ‘माझ्या बंदुका’ एवढाच उल्लेख असेल तर त्याने तुमची बंदूक सिद्ध होत नाही. अनुक्रमांक असलेला कागदच पुरावा. बाकीचे संभाव्य दुवे म्हणून वेगळे लिहा आणि मधल्या रिकाम्या वर्षांसमोर ‘नोंद नाही’ असेच लिहा. विक्रेत्याने तोंडी सांगितलेली राजघराण्याची कथा त्या रिकाम्या जागेत बसवू नका.

भारतातून ती बाहेर कधी गेली?

हा प्रश्न टाळू नका. पुरातन वस्तू व बहुमोल कलाकृती अधिनियम १९७२ चा, अंमल ५ एप्रिल १९७६ पासून. शंभर वर्षे झालेली ऐतिहासिक किंवा कलामूल्याची वस्तू खासगी व्यक्तीला बाहेर नेता येत नाही. त्याआधी १९४७ चा निर्यात नियंत्रण कायदा होता. म्हणून जुनी जहाज पावती, लिलावाची यादी, परदेशी परवान्यावरची पहिली नोंद यांपैकी जे तारीख देईल ते जपा, आणि मोठ्या किमतीच्या बंदुकीसाठी लंडनच्या आर्ट लॉस रजिस्टरकडून चोरीच्या नोंदींचा शोधही घ्या. ती भारतात परत आणायची असेल तर शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम १० प्रमाणे आयातीचा परवाना लागतो. कलम ४५ ची सूट दुरुस्त करूनही न चालणाऱ्या जुन्या शस्त्राला आहे. चालू अवस्थेतली बंदूक तिच्या भरवशावर विमानात चढवू नका. जिल्हाधिकारी किंवा पोलिस आयुक्तांच्या परवाना शाखेचे लेखी उत्तर हाती आल्यावरच मालवाहतुकीचे आरक्षण करा.