६५ की ७०? वारशाच्या बारा बोअरला कोणतं काडतूस चालतं

काटोल, उमरेड, रामटेककडच्या जुन्या मालगुजारी घरांत वारशानं आलेली दुनळी बंदूक अजूनही सापडते. नळीवर ‘१२’ दिसलं की बारा बोअरचं कुठलंही काडतूस चालेल, असं घरचे धरून चालतात. पण बारा हा आकडा फक्त व्यासाचा आहे. काडतूस किती लांब हवं, ते चेंबर, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाची काडतूस बसायची जागा, ठरवतं. नेहमीच्या लांब्या दोन: ६५ मिमी म्हणजे अडीच इंची, आणि ७० मिमी म्हणजे पावणेतीन इंची. जुन्या इंग्लिश दुनळ्यांचं चेंबर बहुधा अडीच इंची असतं.

दोन्ही काडतुसं शेजारी ठेवली तर उंचीत फरक कळतच नाही. कारण डब्यावरची लांबी ही बार उडाल्यावर तोंड पूर्ण उलगडलेल्या पुंगळीची, म्हणजे काडतुसाच्या कवचाची, असते. तोंड पाकळ्यांनी मुडपलेलं ७० मिमीचं नवं काडतूस जेमतेम ५८ मिमीच्या आसपास भरतं. कड आत वळवून वर चकती बसवलेलं ६५ चं काडतूसही जवळपास तेवढंच. त्यामुळे ७० चं काडतूस ६५ च्या चेंबरमध्ये बिनदिक्कत बसतं आणि बंदूक खटकन बंद होते. बसलं म्हणजे चालतं, हा समज सगळ्यांत घातक आहे.

चेंबर संपतं तिथून नळी निमुळती होते, साधारण २०.३ मिमीवरून १८.५ मिमीपर्यंत. बार उडताना ७० च्या पुंगळीचं तोंड नेमकं या निमुळत्या भागात उलगडतं. आधीच अरुंद असलेली वाट पुंगळीच्या जाडीनं आणखी आवळली जाते, छर्रे आणि डाट (दारू आणि छर्ऱ्यांमधला बोळा) दाटून पुढे सरकतात आणि मागे दाब चढतो. त्यात ७० मध्ये दारू-छर्ऱ्यांचा भारही सहसा जास्त असतो. दर बाराला काही बिघडत नाही, म्हणूनच माणूस गाफील राहतो. खांद्याला धक्का जोरात बसू लागतो, बिजागरी सैल होते, कुंद्याला मुठीजवळ तडा जातो. नळी कमजोर असेल तर फुगते किंवा फाटते, आणि डावा हात तिथून फार लांब नसतो. उडालेल्या पुंगळीचं तोंड चिंध्यांसारखं फाटलेलं किंवा ताणून पातळ झालेलं दिसलं, तर बंदूक तिथंच थांबवा.

उलट बाजूनं धोका नाही. ७० च्या चेंबरमध्ये ६५ चं काडतूस चालतं. हलक्या भारावर ऑटोमॅटिक बंदूक कधीकधी पुंगळी बाहेर टाकत नाही, इतकंच.

मग चेंबर ओळखायचं कसं? नवं काडतूस घालून पाहू नका. त्यातून काहीच कळत नाही. बंदूक रिकामी असल्याची खात्री करून, नळ्या उतरवून खालच्या सपाट बाजूवरचे ठसे वाचा. १९५४ नंतरच्या इंग्लिश ठशांत २½ इंचासोबत ३ टन, आणि २¾ सोबत ३¼ टन असं असतं; टन म्हणजे दर चौरस इंचावरचा दाब. ‘नॉट फॉर बॉल’ असा ठसा असेल तर नळी काळ्या दारूच्या काळातली आहे. नायट्रो प्रूफचा, म्हणजे नळी आजच्या धूरविरहित दारूसाठी तपासल्याचा, ठसा नसेल, किंवा नळीवर पाण्याच्या लाटांसारखी दमास्कसची नक्षी असेल, तर लांबी जुळली तरी आजचं काडतूस त्यात घालू नका.

ठशावरही डोळे मिटून विसंबता येत नाही. काही बंदुकांचं चेंबर नंतर कुणीतरी ६५ वरून ७० पर्यंत कोरून वाढवलेलं असतं. ठसा अडीचचा आणि माप पावणेतीनचं निघालं, तर तेवढी नळीची भिंत पातळ झालेली आहे. पुन्हा प्रूफ चाचणी झाल्याशिवाय ती वापरू नये. म्हणून परवानाधारक आर्मररकडून (बंदूक दुरुस्त करणाऱ्याकडून) चेंबर गेजनं दोन्ही नळ्या मोजून घ्या, आकडा कागदावर लिहून घ्या आणि काडतुसं घेताना तो कागद सोबत न्या. डब्यावर ‘७०’ असेल आणि कागदावर ‘६५’, तर दुकानदार काहीही म्हणाला तरी डबा परत करा.

घरात २० बोअरही असेल तर काडतुसं वेगळ्या कुलपात ठेवा. २० चं काडतूस १२ च्या नळीत पुढे घसरून अडकतं आणि चेंबर रिकामं दिसतं. त्यामागे १२ चं घालून बार काढला, तर नळी फुटते.

बंदुकीसोबत मिळालेली जुनी कागदी काडतुसं वापरायचीच नाहीत. नागपूरचा मे आणि त्यानंतरचा पावसाळा ट्रंकेत काढलेली पुंगळी फुगते, दारू बिघडते. बार नुसता फुस्स झाला तर डाट नळीत अडकलेला असू शकतो, आणि पुढचा बार त्यावरच आदळतो. चाप ओढूनही बार उडालाच नाही, तर नळी सुरक्षित दिशेला धरून निदान ३० सेकंद थांबा, मगच उघडा.

ही काडतुसं कचऱ्यात किंवा चुलीत टाकू नका. आजोबांचा परवाना वारशानं मिळत नाही. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम २१ प्रमाणे बंदूक आणि काडतुसं दोन्ही विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची असतात. स्वतःच्या परवान्यासाठी अर्ज नागपूर शहरात पोलीस आयुक्तांकडे आणि ग्रामीण भागात जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे जातो. जमा करताना काडतुसांचा बोअर आणि नग पावतीवर वेगळे लिहून घ्या.