औंढ्याच्या नळ्यांतली पोकळी

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ होणाऱ्या ‘लायगो-इंडिया’ या गुरुत्वीय लहरी, म्हणजे अवकाशाचा थरथराट, टिपणाऱ्या वेधशाळेला केंद्राने एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपये मंजूर केले. बोलणं होतं ते जमिनीचं, रस्त्यांचं. पण प्रकल्पाचा जीव आहे तो काटकोनात टाकायच्या चार-चार किलोमीटरच्या दोन नळ्यांत. त्यांतली हवा इतकी उपसायची, की आतला दाब बाहेरच्या सुमारे एक लाख कोटीव्या भागावर यावा.

अशी पोकळी असूच शकत नाही, असं अ‍ॅरिस्टॉटलपासून मानत आले होते. त्याला धक्का बसला तो पाण्याच्या पंपामुळे. उन्हाळ्यात विहीर खाली गेली की काठावरची मोटार पाणी सोडते आणि ती आत उतरवावी लागते, हे आपल्याकडे कुणालाही सांगावं लागत नाही. पंप पाणी ओढत नाही. बाहेरच्या हवेचा दाब ते वर ढकलतो, आणि त्या दाबाची ताकद समुद्रसपाटीला जेमतेम १०.३ मीटर. मराठवाड्याच्या पठारावर ती अर्ध्या मीटरने आणखी कमी, प्रत्यक्षात तर सहा-सात मीटरवरच पंप दमतो. सतराव्या शतकात इटलीतले पंपवालेही इथेच अडले होते. गॅलिलिओचा शिष्य टॉरिचेली याने १६४४ च्या सुमारास पाण्याऐवजी पारा घेतला. एका टोकाला बंद असलेली नळी पाऱ्याने भरून उलटी धरली; पारा ७६ सेंटीमीटरवर थांबला आणि वर मोकळी जागा राहिली.

एकोणिसाव्या शतकात या जागेत पुन्हा ‘ईथर’ भरला गेला, कारण प्रकाशाच्या लाटेला माध्यम हवं होतं. १८८७ मध्ये मायकेलसन आणि मॉर्ली या अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी एकच किरण काटकोनात दोन वाटांनी पाठवला आणि परतताना दोन्हींत फरक पडतो का, हे पाहून ईथरचा शोध घेतला. तो सापडला नाही. औंढ्याची मांडणी मुळात हीच आहे, आणि मला यातलं सर्वांत विलक्षण हेच वाटतं: अवकाशात काही भरलेलं नाही हे दाखवणाऱ्या युक्तीनेच आता अवकाशाचा स्वतःचा थरथराट मोजायचा, तोही प्रोटॉनच्या रुंदीच्या हजाराव्या भागाइतका. इतक्या बारीक मोजणीत नळीत उरलेले हवेचे थोडे रेणूही प्रकाशाची वाट बिघडवतात.

हवा काढली तरी पोकळी शांत होत नाही. १९४८ मध्ये डच भौतिकशास्त्रज्ञ कॅसिमिरने गणिताने दाखवलं, की निर्वातात अगदी जवळ ठेवलेल्या, विद्युतभार नसलेल्या दोन धातूच्या पट्ट्या एकमेकींकडे खेचल्या जातात. १९९७ मध्ये ते बल नेमकं मोजलं गेलं. कारण रिकाम्या जागेतही प्रकाशाचं क्षेत्र पूर्ण स्थिर नसतं; त्याची ही चळवळ लायगोसारख्या यंत्रात गोंगाट होऊन शिरते. अमेरिकेतल्या लायगोत २०१९ पासून तिला आवर घालतात, पण ती नाहीशी करता येत नाही. एका अंगाने दाबली की दुसऱ्या अंगाने वाढते.