धागा सुटला की पुन्हा पहिल्यापासून

डिस्ट्रॉफिन हे आपल्या स्नायूंना बळकटी देणारं प्रथिन. त्याचं जनुक माणसाच्या सर्वांत लांबलचक जनुकांपैकी एक आहे, सुमारे २२ लाख अक्षरांचं. प्रथिन बनवायला पेशी त्याची आरएनए प्रत काढायला घेते तेव्हा ती पूर्ण व्हायला जवळजवळ १६ तास लागतात. हे काम आरएनए पॉलिमरेज नावाचं विकर (एन्झाइम) करतं, आणि मधे ते डीएनएवरून सुटलं तर अर्धवट प्रत पुढे चालू करता येत नाही. सगळं पहिल्यापासून!

प्रत काढायची रीत तशी सोपी आहे. विकर डीएनएचा पीळ जेमतेम बारा-चौदा अक्षरजोड्यांपुरता उकलतं आणि त्यातला एकच धागा वाचतं. समोर ग्वानिन हे अक्षर आलं की सायटोसिन जोडायचं, सायटोसिन आलं की ग्वानिन, थायमिन आलं की अ‍ॅडेनिन. अ‍ॅडेनिनसमोर मात्र थायमिनऐवजी युरॅसिल बसतं. विकर पुढे सरकतं तसा मागचा पीळ पुन्हा मिटतो आणि तयार झालेला आरएनए बाहेर लोंबू लागतो. चुकीचं अक्षर बसलं तर ते थोडं मागे येऊन टोक छाटतं आणि पुन्हा लिहितं.

खरी अडचण सुरुवातीला आहे. जनुकाच्या तोंडाशी ‘प्रवर्तक’ नावाचा पट्टा असतो, पण विकराला तो एकट्याने ओळखता येत नाही. जिवाणूंमध्ये सिग्मा नावाचं प्रथिन त्याला तिथे नेऊन बसवतं. आपल्या पेशींत तर मदतनिसांचा जथाच लागतो. यकृताच्या आणि मेंदूच्या पेशीत डीएनए एकच, तरी दोघी इतक्या वेगळ्या का, याचं बरंचसं उत्तर या मदतनिसांपाशी आहे. कोणत्या जनुकाची प्रत निघणार, हे बहुतेक वेळा इथेच ठरतं.

बरं, बसलं म्हणजे निघालं असंही नाही. विकर दोन-चार, फार तर दहा-बारा अक्षरं लिहितं, तो तुकडा टाकून देतं आणि पुन्हा लिहायला घेतं. असं अनेकदा होतं. मला या सगळ्या प्रक्रियेतला हाच भाग सर्वांत विलक्षण वाटतो. या काळात विकर जागचं हलत नाही. एका जागी उभं राहून दोर ओढावा आणि पायाशी गोळा करावा, तसा पुढचा डीएनए ते स्वतःकडे खेचत राहतं. त्यातून ताण साठतो. तो पुरेसा झाला की प्रवर्तकावरची पकड सुटते आणि विकर एकदाचं मार्गी लागतं. मग मात्र त्याची पकड घट्ट असते. आत आठ-नऊ अक्षरांचा आरएनए डीएनएशी जोडलेला राहतो आणि लाखो अक्षरं ओलांडली तरी धागा सहसा सुटत नाही.

आणि एवढं करून डिस्ट्रॉफिनच्या त्या प्रतीचं काय होतं? जवळजवळ सगळी कापून टाकली जाते. प्रथिनाचा मजकूर नसलेले मधले तुकडे, म्हणजे इंट्रॉन, काढले की उरतात साधारण १४ हजार अक्षरं. एक टक्काही नाही. जनुकं अशी तुकड्यातुकड्यांत असतात हे १९७७ साली कळलं, तेव्हा जीवशास्त्रज्ञही चक्रावले होते.

सुरुवातीच्या त्या चाचपडण्याचा फायदा माणसाने क्षयरोगाविरुद्ध करून घेतला आहे. रिफाम्पिसिन हे औषध जिवाणूच्या आरएनए पॉलिमरेजमध्ये नेमकं आरएनएच्या वाटेत जाऊन बसतं. दोन-तीन अक्षरं जोडली की पुढे जायला जागाच नाही. जे विकर आधीच मार्गी लागलेलं असतं, त्याच्या पोटातली ही वाट आरएनएने भरलेली असते, त्यामुळे त्याला औषध अडवू शकत नाही. माणसाच्या विकराची घडण वेगळी असल्याने उपचाराच्या मात्रेत त्याला धक्का लागत नाही.

क्षयाच्या जिवाणूंना या औषधाला दाद न देण्याची युक्ती सापडते तीही इथेच. असे बहुतेक सगळे बदल या विकराच्या जनुकातल्या अवघ्या ८१ अक्षरांच्या पट्ट्यात होतात. म्हणूनच जीनएक्सपर्टसारख्या चाचणीत जिवाणूचा सगळा डीएनए वाचत बसावं लागत नाही. तेवढा पट्टा तपासला की रिफाम्पिसिन लागू पडेल की नाही, याचा अंदाज सुमारे दोन तासांत येतो.