हिपॅटायटीस सी बरा झाला, तरी धास्ती का उरते?

हिपॅटायटीस सी या यकृताच्या विषाणूजन्य आजाराचा उपचार पुरा झालेला आणि रक्तात विषाणू सापडत नसल्याचा अहवाल हाती आलेला माणूस घरात वावरू लागला, तरी त्याचा तांब्या-भांडे वेगळेच ठेवले जाते. कित्येकदा तो आग्रह खुद्द त्याचाच असतो. या धास्तीची मुळे जुनी आहेत, आणि त्यातले एक थेट आपल्या भाषेत आहे.

मराठीत ‘कावीळ’ हा एकच शब्द निरनिराळ्या विषाणूंच्या आजारांना लावला जातो. कोल्हापूर जिल्ह्यात तर या शब्दाशी पाण्याची आठवण जोडलेली आहे. २०१२ मध्ये इचलकरंजीत दूषित पाण्यातून काविळीची मोठी साथ आली, ती हिपॅटायटीस ईची होती. पाणी उकळून पिण्याचा त्या वेळचा धडा योग्यच होता, कारण ए आणि ई हे प्रकार दूषित अन्नपाण्यातून पसरतात. सीचा मार्ग मात्र रक्ताचा आहे: न तपासलेले रक्त, पुन्हा वापरलेली सुई, डायलिसिसमधला निष्काळजीपणा, निर्जंतुक न केलेल्या सुईने केलेले गोंदण. एका ताटात जेवल्याने किंवा तालमीतल्या एकाच तांब्यातून पाणी प्यायल्याने तो आजार ऐन भरात असतानाही लागत नाही. मग बरा झाल्यावर लागण्याचा प्रश्नच कुठे येतो?

दुसरे मूळ तपासणीच्या इतिहासात आहे, आणि माझ्या मते सर्वाधिक गोंधळ तिथूनच होतो. १९७०च्या दशकात ए आणि बी या दोन्ही प्रकारांच्या चाचण्या हाती आल्या, तरी रुग्णाला रक्त चढवल्यानंतर होणाऱ्या काही काविळी त्यांत बसेनात, म्हणून त्यांना ‘ए नव्हे, बी नव्हे’ असेच नाव पडले. १९८९ मध्ये मायकेल हॉटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा विषाणू ओळखला (या शोधमालिकेबद्दल हार्वे ऑल्टर, हॉटन आणि चार्ल्स राइस यांना २०२०चे नोबेल मिळाले) आणि लवकरच रक्तपेढ्यांसाठी चाचणी आली. ही चाचणी विषाणू शोधत नाही, त्याच्याविरुद्ध शरीराने तयार केलेल्या अँटिबॉडी शोधते, आणि विषाणू नाहीसा झाल्यावरही त्या वर्षानुवर्षे, बहुधा आयुष्यभर, रक्तात राहतात. त्यामुळे मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेपूर्वी केलेल्या साध्या कार्ड-चाचणीत बरा झालेला रुग्णही ‘रिॲक्टिव्ह’ (अँटिबॉडी असलेला) येतो आणि घरात पुन्हा कुजबुज सुरू होते. विषाणू आहे की नाही, हे विषाणूचे जनुकीय द्रव्य, म्हणजे आरएनए, शोधणारी चाचणीच सांगते.

तिसरे मूळ जुन्या उपचाराचे. इंटरफेरॉनची इंजेक्शने सहा महिने ते वर्षभर घ्यावी लागत, ताप आणि नैराश्य सोसावे लागे, आणि रिबाव्हिरिन या औषधाची जोड देऊनही विषाणूच्या जनुकीय प्रकारानुसार साधारण निम्मे ते पाऊण रुग्णच बरे होत. उपचार थांबताच विषाणू परतल्याची उदाहरणे पुष्कळ होती. त्यात हिपॅटायटीस बीचा अनुभव मिसळला: बीचा जनुकीय साठा यकृतपेशीच्या केंद्रकात दडून राहतो, म्हणून तो बहुधा दबतो, समूळ जात नाही. सी हा आरएनए विषाणू असल्याने त्याला असा आडोसा नसतो. डिसेंबर २०१३ मध्ये अमेरिकेत सोफोसबुव्हिर या नव्या गोळीला मान्यता मिळाली, पुढच्या वर्षी भारतीय कंपन्यांना उत्पादनाचे परवाने मिळाले आणि गोळ्या आवाक्यात आल्या. बहुतेकांना १२ आठवडे पुरतात, आणि ९५ टक्क्यांच्या आसपास रुग्ण बरे होतात. २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या हिपॅटायटीस नियंत्रणाच्या राष्ट्रीय कार्यक्रमात हे निदान आणि उपचार मोफत आहेत. गोळ्या संपल्यानंतर १२ आठवड्यांनी आरएनए सापडला नाही, तर आजार बरा झाला असे मानतात. त्यानंतर तोच विषाणू परतणे अत्यंत विरळ.

तरी शंकेला खतपाणी घालणारा एक नियम आहेच: हिपॅटायटीस सी होऊन गेलेल्याला आपल्याकडे रक्तदान कायमचे वर्ज्य आहे. हा रक्तपेढीचा सावधपणा आहे. त्याचा घरातल्या ताटवाटीशी संबंध नाही. नवा संसर्ग मात्र पुन्हा होऊ शकतो, कारण उरलेल्या अँटिबॉडी संरक्षण देत नाहीत आणि लसही अजून नाही. शिवाय यकृत आकसले असेल, तर बरे झाल्यावरही नियमित सोनोग्राफी चुकवता येत नाही. आरएनए ‘आढळला नाही’ असे लिहिलेला अहवाल फाइलीत जपून ठेवावा आणि पुढच्या प्रत्येक शस्त्रक्रियेपूर्वी, कार्ड-चाचणी होण्याआधीच, डॉक्टरांपुढे ठेवावा.